शरदातले वऱ्हाड, सह्याद्रीच्या माथ्यावर

रसिक : तुळशीचे लग्न लागल्यावर विवाहमुहूर्तांना पुन्हा मोकळीक मिळते, आणि कार्तिक शुद्ध द्वादशीपासून अमावास्येपर्यंत शरद ऋतूच्या पदरी ज्या एकोणीस तिथी उरतात, त्या वाई, पाचगणी आणि महाबळेश्वर या टापूत मला वर्षातील सर्वांत संपन्न तिथी वाटतात. चार महिने मेघांत बुडून गेलेला सह्याद्रीचा माथा या दिवसांत पूर्ण उघडा होतो. जांभ्याच्या सड्यांवरील गवत पिकून सोनेरी होते. लिंगमळ्याचा प्रपात कृश झालेला असला तरी आटलेला नसतो. आणि पहाटे केट्स पॉइंटवर उभे राहिले, तर कृष्णेच्या खोऱ्यात साचलेले धुके आणि ते विरळ होता होता प्रकट होणारे धोम-बलकवडीचे जलाशय यांचे दर्शन घडते. अशा समयी कोणी अमरावतीहून, कोणी बेळगावाहून, कोणी समुद्रापलीकडून एका विवाहासाठी या प्रदेशात येतो, आणि सीमांतपूजन व मुहूर्त यांच्या आगेमागे असलेला त्याचा सारा वेळ कार्यालयाच्या गाद्यांवर चहाची वाट पाहण्यात सरतो, ही मला आतिथ्यातील मोठी उणीव वाटते. निवास, स्नानाचे पाणी आणि भोजन यांचा बंदोबस्त यजमान ज्या काळजीने करतो, त्याच काळजीने पाहुण्यांना हा प्रदेश दाखविण्याची तजवीज त्याने केली पाहिजे, असे माझे मत आहे.

साशंक : आपल्या हेतूविषयी मला शंका नाही, व्यवहारात त्या हेतूचे जे होते त्याविषयी आहे. पाहुणा येतो तो वधूवरांवर अक्षता टाकण्यासाठी, आणि ज्या आप्तांची भेट वर्षानुवर्षे दूरध्वनीवरच निभावली गेली, त्यांच्याजवळ चार घटका निवांत बसण्यासाठी. सहलीची आखणी सुरू झाली, की पहाटे विल्सन पॉइंटचा सूर्योदय, मग क्षेत्र महाबळेश्वर, तेथून ऑर्थर सीट, दुपारी आंबेनळी घाटाने प्रतापगड आणि मावळतीला बॉम्बे पॉइंट अशी यादी तयार होते, आणि ती पुरी करण्याच्या धडपडीत निम्मा दिवस वळणावळणाच्या रस्त्यावर जातो. लहान मुलांना गाडी लागते, गुडघ्यांनी अधू झालेले वडीलधारे प्रत्येक ठिकाणी गाडीतच बसून राहतात, आणि रात्री सीमांतपूजनाला मंडळी जमतात तेव्हा त्यांचे देह तेवढे उपस्थित असतात. याहून अवघड गोष्ट ऋतूची आहे. पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हापासून कासच्या पठाराची कीर्ती सर्वदूर पोहोचली, आणि पाहुणा तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे यांच्या बहराची अपेक्षा मनात बाळगून येतो. परंतु तो बहर भाद्रपद-आश्विनाचा, म्हणजे नेमका चातुर्मासातला, ज्या काळात आपले पंचांग विवाहाला अनुमती देत नाही. कार्तिकात तेथे राहते ते वाळलेले गवत. स्ट्रॉबेरीचीही तीच कथा : रोपे गादीवाफ्यांवर लागतात सप्टेंबरच्या सुमारास, आणि फळांचा खरा भर येतो मार्गशीर्षाच्या पुढे. ज्या दिवसांत मुहूर्त आहेत त्या दिवसांत या प्रदेशाची सर्वांत गाजलेली दौलत हजर नसते, मग आपण पाहुण्याला नेमके काय दाखविणार?

रसिक : कास आणि स्ट्रॉबेरी यांविषयी आपण म्हणता ते खरे आहे, आणि म्हणूनच पाहुण्याला ते आधी स्पष्टपणे कळविणे यजमानाचे कर्तव्य आहे. परंतु जे गाजले तेवढेच पाहण्याजोगे, हे मला मान्य नाही. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून वीस किलोमीटरांच्या आत असलेल्या पाचगणीला त्याचा साधारण तिसरा हिस्सा मिळतो. आणि पसरणी घाट उतरून वाईस आले, की तो हजार मिलिमीटरांपर्यंतही पोहोचत नाही. अंजन, जांभूळ आणि हिरडा यांचे बुटके, दाट, सदाहरित रान सोडून माणूस दोन घटकांत ज्वारीच्या मुलखात येतो, हे आश्चर्य कार्तिकातल्या निरभ्र दिवशी जितके स्वच्छ दिसते तितके इतर कधी दिसत नाही. वाईच्या शेतांत या दिवसांत हळद उभी असते; जी हळद उद्या वधूवरांच्या अंगाला लागायची, तिचे पीक कसे दिसते हे शहरात वाढलेल्या मुलाने बांधावर उभे राहून पाहावे, याहून समयोचित दर्शन कोणते?

यादीचा दोषही टाळता येतो, जर एका अर्ध्या दिवसाला एकच स्थळ असा दंडक घातला आणि ज्याची जशी प्रकृती व जशी रुची तसे स्थळ नेमून दिले. ज्यांना चालवत नाही त्यांनी वाईच्या कृष्णाघाटावर सकाळ घालवावी. गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधविलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून माशाप्रमाणे निमुळती केलेली आहे, हे तेथे बसल्या बसल्या पाहता येते. कोसभर अंतरावर मेणवलीला नाना फडणीसांचा वाडा व त्याखालचा घाट आहे, आणि १७३९ च्या वसईच्या विजयानंतर मराठ्यांच्या हाती आलेल्या घंटांपैकी एक तेथे टांगलेली आहे. ज्यांना विद्येची ओढ आहे त्यांना प्राज्ञपाठशाळेची वास्तू दाखवावी, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम याच लहानशा गावातून चालले हे सांगावे. ज्यांना नुसते वाचीत बसावयाचे आहे त्यांना भिलारला न्यावे, जेथे २०१७ पासून गावातल्या घरांतून पुस्तके वाचकांसाठी मांडून ठेवलेली आहेत. आणि तरुणांनी प्रतापगड चढावा. १० नोव्हेंबर १६५९ चा तो प्रसंग मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीचा, म्हणजे लग्नसराईच्याच दिवसांतला; अफझलखानाला मोकळ्या मैदानावरून या खोऱ्यात ओढून आणण्यात केवढी बुद्धी होती, हे पुस्तकातून कळते त्याहून पुष्कळ अधिक गडाच्या बुरुजावरून जावळीच्या अरण्याची खोली पाहिली म्हणजे कळते.

साशंक : आपली योजना सुज्ञ आहे, आणि सहल करावयाचीच असेल तर ती अशीच व्हावी. परंतु माझा आक्षेप आता मी अधिक खोलवर नेऊ इच्छितो. पाहुण्याला काय दाखवावे हा प्रश्न आपल्या आजोबांच्या लग्नघरात कोणालाच पडत नसे, कारण पाहुणा आठ दिवस आधी येई आणि आला की कामाला लागे. कोणी मांडव घालण्यास हात लावी, कोणी कोठीघराच्या किल्ल्या सांभाळी, कोणी आहेराची नोंदवही लिही, कोणी जात्यावर हळद दळी, कोणी रुखवत मांडी. पंगतीत वाढणारेही घरचेच असत, आणि सर्वांची जेवणे आटोपल्यावर उशिरा बसणाऱ्या त्या शेवटच्या पंगतीत दोन्हीकडच्या मंडळींची खरी ओळख होई. दोन कुळे जोडली जात ती केवळ मंत्रांनी नव्हे. एकमेकांच्या घामाची, एकमेकांच्या चुकांची आणि मानपानावरून झालेल्या रुसव्याफुगव्यांची साक्ष त्यात असे. आता ही सारी कामे कंत्राटाने दिली जातात. पाहुण्याच्या हाती काही काम उरलेले नाही, आणि त्या रितेपणाची जाणीव यजमानाला अस्वस्थ करते म्हणून तो डोंगराकडे बोट दाखवितो. सहल ही माझ्या दृष्टीने आतिथ्याची परिपूर्ती नसून, विवाह या सोहळ्यातून पाहुण्याचे कर्तृत्व निघून गेल्याची भरपाई आहे. आणि ती अपुरी आहे, कारण ऑर्थर सीटच्या कठड्याशी शेजारी शेजारी उभे राहून सावित्रीचे खोरे पाहिल्याने दोन विहिणींमध्ये असे काहीही घडत नाही, जे एका परातीत शेजारी शेजारी कणीक मळल्याने घडत होते.

रसिक : या युक्तिवादातील कळकळ मला भिडते, आणि तरीही तो मी स्वीकारू शकत नाही. आपण ज्या कामांचा उल्लेख केलात, त्यांतील नोंदवही आणि किल्ल्या सोडल्या, तर बाकीची बहुतेक कामे कोणाच्या वाट्याला येत होती? मावश्यांच्या, आत्यांच्या, विधवा चुलत्यांच्या, थोरल्या जावांच्या. लग्नाच्या दिवशी पहाटेपासून चुलीच्या धुरात बसलेल्या या स्त्रियांच्या कानांवर मंगलाष्टके पडत, परंतु अंतरपाट दूर होण्याचा क्षण त्यांच्यापैकी कितीजणींना डोळ्यांनी पाहता येई? त्यांतील जी विधवा असे, तिला तर कष्टात पूर्ण वाटा आणि मंगलकार्यात मुळीच नाही, असा तो शिरस्ता होता. ज्या सहश्रमाचे आपण स्मरण करता, तो सर्वांनी सारखा उचललेला नव्हता. त्या श्रमांतून जी आत्मीयता निर्माण झाली ती खरी होती, परंतु तिची किंमत ठरावीक माणसांनीच दिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नांत पोळ्या लाटलेली एखादी वृद्धा आज प्रथमच हात रिकामे ठेवून या कड्यावर उभी राहते आणि समोर कोकणाचा उतार पाहते, तेव्हा तिच्या त्या रिकाम्या हातांना मी रितेपण म्हणणार नाही. ती तिची थकलेली बाकी आहे, आणि यजमानाने तिच्यासाठी केलेली गाडीची तजवीज ही त्या बाकीची फार उशिरा झालेली फेड आहे.

साशंक : हे न्याय्य आहे, आणि जुन्या लग्नघराकडे यापुढे मला या दृष्टीनेही पाहावे लागेल. परंतु ते कष्ट नाहीसे झाले, असे आपल्याला खरोखर वाटते काय? ते एका घरातून दुसऱ्या घरात गेले. वऱ्हाडासाठी पहाटे चहाचे आधण ठेवणारी, गाद्यांच्या खोळी धुणारी, दोनशे ताटे घासणारी स्त्री आता पाहुण्यांची मावशी नसते, ती जावळी किंवा वाई तालुक्यातल्या कुठल्या तरी वाडीतून कामाला आलेली असते. आणि जुन्या मावशीला निदान लग्न आपल्या घरचे आहे एवढा तरी दिलासा होता, हिला तोही नाही. पाहुण्यांच्या विश्रांतीचा हिशेब मांडावयाचा तर हिची रोजी आणि हिची परतीची वेळ ही दोन कलमे त्यात प्रथम यावीत.

दुसरी गोष्ट भूमीची. महाबळेश्वर-पाचगणीचा हा टापू केंद्र शासनाने २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केला, तो काही शोभेसाठी नव्हे. जांभा दगड सच्छिद्र आणि उतार तीव्र असल्यामुळे येथे पडलेले विपुल पाणी दोन्ही बाजूंच्या खोऱ्यांत उतरून जाते, आणि ज्या माथ्यावर पावसाळ्यात आकाश फाटते, त्याच्या अंगावरील वाड्यांना वैशाखात पाण्यासाठी वणवण करावी लागते. साताऱ्याचे अप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये बांधविलेल्या ज्या वेण्णा तलावात पाहुणे नौकाविहार करतात, तो या गावांच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आहे. तापोळ्याच्या बाजूला जो विस्तीर्ण शिवसागर आपण त्यांना दाखवाल, त्याच्या तळाशी कोयना धरणाने बुडविलेली गावे आहेत, आणि त्या गावांची माणसे ठाणे, रायगड, सोलापूर अशी दूरदूर विखुरली गेली. त्यांच्याही घरांत लग्ने होत होती आणि त्यांच्याही अंगणांत मांडव पडत होते. हे सारे ठाऊक असताना, दोन दिवसांसाठी आलेल्या शे-दोनशे माणसांना केवळ मनोरंजनार्थ या भूमीवर फिरविणे मला सहज जमत नाही.

रसिक : आपण या भूमीची जी हकीगत सांगितलीत, तीच पाहुण्यांना सांगितली जावी, हा माझा आग्रह आहे. तापोळ्याच्या होडीत बसणाऱ्याला होडीवाल्याच्या तोंडून पाण्याखालच्या गावांची नावे ऐकावयास मिळाली, तर तो विहार मनोरंजन राहत नाही. आणि येथे मला इतिहासातला एक भेद आठवतो. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ च्या सुमारास या माथ्यावर गिरिस्थान वसविण्याचे मनावर घेतले, आणि पुढल्या वर्षी साताऱ्याचे राजे प्रतापसिंह यांच्याशी करार होऊन, खंडाळा हे गाव बदल्यात देऊन, ही भूमी कंपनी सरकारने घेतली. उन्हाने त्रासलेल्या साहेबांच्या विश्रांतीसाठी तिचा विनियोग झाला, आणि कड्याकड्यांना त्यांची नावे चिकटली. आपल्या सहलीची यादी अजूनही त्याच नावांची असते. परंतु त्याआधी कित्येक शतके माणसे या माथ्यावर येत होतीच, आणि ती क्षेत्र महाबळेश्वराला येत होती. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांची उगमस्थाने परंपरेने मानलेली आहेत; त्यांतली कृष्णा पूर्वेकडे निघून चौदाशे किलोमीटरांच्या प्रवासानंतर बंगालच्या उपसागराला मिळते, तर सावित्री पश्चिमेचा कडा उतरून महाडवरून बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्राला जाते. तेथे येणारा यात्रेकरू पाहण्यासाठी येत असे तसाच काही करण्यासाठीही येत असे : पायी चढणे, स्नान, उपवास, दान, आणि गावच्या नियमांचे पालन. भूमीने त्याला काही दिले आणि त्यानेही भूमीला काही मान दिला. मग विवाहाच्या पाहुण्याला आपण साहेबांच्या यादीने फिरविण्याऐवजी यात्रेकरूच्या मर्यादेने का नेऊ नये? मुक्काम माथ्यावर न ठेवता वाईस ठेवावा, म्हणजे पाण्याचा आणि वाहनांचा भार हलका होतो. एका फेरीला एक मोठी गाडी न्यावी. मध घ्यावयाचा तर मांघरसारख्या गावात जाऊन, सातेरी माश्या पाळणाऱ्या घरातून घ्यावा. आणि लग्न त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपासचे असेल, तर त्या संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर पाहुण्यांनी गावकऱ्यांच्या बरोबरीने पणत्या लावाव्यात. आपण ज्या सहश्रमाचा शोध घेत आहात, तो तेथे स्त्रीपुरुष दोघांनाही सारखा सापडेल.

साशंक : आपल्या सांगण्यातील हा शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याने आपल्या वादाची जागाच बदलली. आतापर्यंत आपण कार्यालय की डोंगर असा वाद घालीत होतो. आता दिसते की कार्यालयात बसलेला पाहुणाही केवळ ग्राहक असू शकतो आणि डोंगरावर गेलेला पाहुणाही सहभागी असू शकतो, आणि पाहुण्याच्या वाट्याला काही कृती आली की नाही, हाच खरा निकष आहे. परंतु या निकषावरच आपल्या उपायांना पुन्हा घासून पाहिले पाहिजे. यात्रेकरूची कृती त्याच्या श्रद्धेतून येई. तिची आखणी कोणा यजमानाने केलेली नसे. त्रिपुरीचा दीपोत्सव वाईकरांचा आहे. त्यात दोनशे पाहुणे कार्यक्रमाचा एक भाग म्हणून उतरले, तर ते उत्सवात सहभागी होतील की उत्सवाला आपल्या लग्नाच्या शोभेत सामील करून घेतील, हे त्यांच्या मनोवृत्तीवर अवलंबून आहे, आणि मनोवृत्तीचा बंदोबस्त कोणताही यजमान करू शकत नाही. मधाची रास्त किंमत मोजली तरी देणेघेणे तेथेच मिटते. जुन्या लग्नघरातला पाहुणा पुढल्या वर्षी यजमानाच्या शेतावर किंवा त्याच्या मुलाच्या मुंजीत परत कामाला येई. उपकारांची ती साखळी तुटत नसे. डोंगराकडून दोन दिवस घेतलेल्या सुखाची फेड करण्यास पाहुण्याने परत केव्हा आणि कशासाठी यावे?

रसिक : या प्रश्नाला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही, परंतु परत येण्याची अट पहिल्याच भेटीवर लादली, तर पहिली भेट कधी घडणारच नाही, एवढे मी निश्चयाने म्हणतो. प्रतापगडावर वऱ्हाडाबरोबर चढलेल्या दहा तरुणांपैकी नऊ विसरून जातील हे मी धरून चालतो. दहावा पुढे कधी जावळीच्या खोऱ्यात पायी हिंडावयास येईल, कोणी या रानाचा अभ्यास करील, कोणी येथल्या शाळेला पुस्तके पाठवील. आणि तो दहावा कोण, हे आधी ओळखण्याचे साधन नसल्यामुळे दहाहीजणांना दार उघडे ठेवणे भाग आहे. प्रेमाचा आरंभ पाहण्यापासून होतो, ही माझी श्रद्धा आहे.

साशंक : आणि ते नऊजण जे पाणी वापरतात, जो रस्ता अडवितात, जो कचरा मागे टाकून जातात, त्याची किंमत या दहाव्याच्या आशेवर कोणी सोसावी, ही माझी शंका आहे. ती किंमत यजमान सोसत नाही आणि पाहुणाही सोसत नाही; ती माथ्यावरच्या वाड्यांना सोसावी लागते, आणि त्यांना लग्नाचे निमंत्रणही नसते. आपली श्रद्धा खोटी ठरविण्याचे सामर्थ्य माझ्या शंकेत नाही, तसेच माझी शंका फेडण्याचे सामर्थ्य आपल्या श्रद्धेत अजून नाही.

रसिक : तर मग निदान एवढे आपण दोघेही मान्य करू, की पाहुण्यांना काय दाखवावे याची यादी करण्यास बसण्यापूर्वी यजमानाने येथल्या रहिवाशाला एक गोष्ट विचारली पाहिजे : तुमच्या गावात आमची माणसे दोन दिवस आली, तर त्यांनी काय करावे आणि काय करू नये असे तुम्हाला वाटते? त्याचे उत्तर ऐकल्यावर माझ्या यादीतली किती स्थळे शिल्लक राहतील, हे मी सांगू शकत नाही.

साशंक : आणि त्याने पाहुण्यांना आनंदाने बोलाविले, तर माझ्या आक्षेपांपैकी किती शिल्लक राहतील, हे मलाही सांगता येणार नाही. परंतु ज्याची रोजी पाहुण्यांवरच अवलंबून आहे, त्याला खरे उत्तर देण्याची मुभा कितपत असते, हेही यजमानाला पारखून पाहावे लागेल. आणि ते कसे पारखावे, याचा विचार आपण दोघांनीही अजून केलेला नाही.